फायनलच्या आधी आपली कॉलेजची फुटबॉल टीम कुठे भारी, कुठे ढिली, ते कसं बघायचं

फायनल आली की सगळे फॉर्मेशनवरून (कोण कुठे खेळणार) भांडत बसतात, ते सोडा. आधी सेमीचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ लावा आणि बॉल आपल्याकडून गेल्यावर पोरं काय करतात तेवढंच बघा, कारण बहुतेक कॉलेज टीम तिथेच उघड्या पडतात, विंगर (कडेने हल्ला करणारा) पुढे चढलेला, मागे साइडबॅक (त्याच कडेचा डिफेंडर) एकटा आणि समोरून दोघं सुटलेले. असं दोन-तीनदा दिसलं की तीच वीक साइड, तिथला मिडफिल्डर (मधल्या फळीतला) जरा मागे ठेवा. गोल कितव्या मिनिटाला खाल्ले तेही लिहा. शेवटच्या 20 मिनिटांतच खाल्ले असतील तर डिफेन्सला शिव्या घालू नका, दम कमी पडतोय.

मग ग्राउंड. मुंबईत आझाद मैदानाच्या मातीवर प्रॅक्टिस करून कूपरेज ग्राउंडच्या आर्टिफिशियल टर्फवर (नकली गवतावर) उतरलात तर बॉल वेगळाच पळतो, लांब पास सरळ लाइनबाहेर, म्हणून एकदा तरी कुठल्यातरी टर्फवर खेळून घ्या (भाडं वर्गणीतून, दुसरं काय).

स्ट्रेंथ एकच पकडा. उंच पोरगा हेडर मारतो ना, मग कॉर्नरच घोटा. आणि बरोबरी झाली तर पेनल्टी मारायचे 5 जण आजच ठरवा, 11 मीटर तेव्हा फार लांब वाटतं.