चुंबक, टॉर्च आणि मल्टिमीटर: जुनी मेटल गिटार पारखताना

ऐंशीच्या दशकातली हेवी मेटल संगीताची गिटार एकही स्क्रू न हललेल्या अवस्थेत मिळणं फार अवघड. ती घेणारी पोरंच तशी होती. गिटार घरी आली की पिकअप (तारांची कंपनं टिपणारे भाग) बदलायचे, नव्या ब्रिजसाठी (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) बॉडी कोरायची, वर स्प्रेनं पट्टे ओढायचे. अमेरिकन रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलननं स्वतःची गिटार सुटे भाग जमवून, सायकलचा रंग मारून तयार केली होती. मग त्याला मानणारे मागं कसे राहतील? म्हणूनच आज संग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हिला किती कमी हात लागलेत.

माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत, टूलरूममध्ये गेलं. कॅम्पातल्या मित्राच्या घरी कॅसेटवर ब्लॅक सॅबथ हा इंग्लिश मेटल बँड पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आयटीआयला होतो. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि सतराव्या वर्षी मशीनवर त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पुढं तारा सैल लावायला लागला आणि त्यातून तो जड आवाज आला. प्रेस मशीनशेजारी उभं राहून दिवस काढलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हापासून या वाद्यांकडं मी कामगाराच्या नजरेनं बघतो. खालची पद्धतही त्याच नजरेची आहे.

आपल्या भागात अशी गिटार बहुतेक बाहेरूनच येते. चोर्ल्याच्या घाटापलीकडं गोव्यात जहाजावर नोकरी केलेल्यांच्या घरात, पुण्यात किंवा बेंगळुरात. प्रवासाला निघण्याआधी तीन फोटो मागवा: हेडस्टॉकची (खुंट्या असलेला वरचा भाग) मागची बाजू, नेक म्हणजे मान बॉडीला जोडते त्या सांध्यावरची पट्टी, आणि मागचं झाकण काढून आतल्या वायरिंगचा. तिसरा फोटो द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर पेट्रोल जाळू नका.

सिरियल नंबर वाचायला शिकणं सगळ्यात महत्त्वाचं. आयबानेझ या जपानी कंपनीच्या गिटारीवरचा एफ८१२३४५ असा नंबर घ्या. जुन्या पद्धतीत पहिलं अक्षर महिना सांगायचं, म्हणजे जून १९८१. पण १९८७ पासून एफ म्हणजे जपानच्या मात्सुमोतोमधला फुजिगेन कारखाना आणि पुढचा एकच आकडा वर्षाचा, म्हणजे १९८८. नंबर तोच, अर्थ दोन. निकाल मॉडेल लावतं: आरजी ५५० बाजारात आलीच १९८७ ला, त्यामुळं तिच्यावर हा नंबर असेल तर ती १९८८ चीच. हीच आरजी ५५० कंपनीनं २०१८ मध्ये पुन्हा काढली. तीही जपानी आहे आणि वाजवायला झकास आहे, पण जुन्या भावात घ्यायची वस्तू ती नव्हे.

अमेरिकन गिब्सन कंपनीच्या फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर या मॉडेलांवर १९७७ नंतर आठ आकडे असतात. पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन वर्षातला दिवस. ८१२५४६१२ म्हणजे १९८४ सालचा १२५ वा दिवस, ४ मे. शेवटचे तीन आकडे ५०० च्या वर असल्यानं ती नॅशव्हिलची. खाली असते तर कॅलामाझूची. कॅलामाझूचा कारखाना त्याच वर्षी बंद पडला.

शार्वेल आणि क्रेमर या अमेरिकन ब्रँडांच्या बाबतीत नेकच्या पट्टीवर भिस्त ठेवू नका. चार स्क्रू काढले की पट्टी बदलते. शार्वेलच्या मॉडेल मालिकेवर टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा पत्ता असतो, गिटार मात्र जपानमध्ये झालेली. त्यात कमीपणा काही नाही, त्या काळचं जपानी काम मी डोळे झाकून घेईन. फक्त शार्वेलच्याच अमेरिकेत झालेल्या सॅन दिमास गिटारीच्या भावात कुणी ती गळ्यात मारू नये. क्रेमरमध्येही फोकस मॉडेल जपानी, स्ट्रायकर मॉडेल कोरियन.

आता ब्रिज. इथं माझा हात जरा रेंगाळतो. फ्लॉइड रोझ ट्रेमोलोच्या (दांड्यानं सूर खालीवर करता येणारा ब्रिज) पुढच्या दोन धारा बॉडीत बसवलेल्या दोन स्टडवर, म्हणजे जाड स्क्रूंवर, टेकलेल्या असतात, आणि सहा तारांचा मिळून चाळीसेक किलोचा ओढा त्या दोन रेषांवर येतो. अस्सल फ्लॉइडची पायाची प्लेट हार्डन केलेल्या पोलादाची. स्वस्त नकला जस्ताच्या कास्टिंगच्या. वरून दोन्ही काळ्या, दोन्ही चकचकीत. खिशातलं चुंबक लावून बघा: पोलाद पकडतं, जस्त पकडत नाही. चुंबक फक्त प्लेटला आणि सॅडलला (प्रत्येक तार टेकते तो तुकडा) टेकवा, पिकअपपासून लांब ठेवा. खालचा ठोकळा अस्सलमध्येही पितळी असतो, तो चिकटला नाही म्हणून घाबरू नका. आयबानेझचा एज ब्रिज वेगळ्या घडणीचा, त्याला ही परीक्षा लावू नका.

मग चाल बघा. गिटार सुरात लावा, दांडा पूर्ण खाली दाबून सोडा, सूर ट्यूनरवर बघा. आता दांडा वर ओढून सोडा, परत बघा. दोन्ही वेळा काटा एकाच जागी आला तर धारा जिवंत आहेत. वेगवेगळ्या जागी थांबला तर धार नाहीतर स्टड खाल्लेला आहे. स्टड बदलता येतात, मात्र जुने डबीत घालून गिटारीबरोबरच ठेवा. धारेला कानस कधीच लावू नका. स्टडभोवतीच्या लाकडावरही टॉर्च मारा. आरजीची बॉडी बासवूडची, मऊ असते. तिथं केसासारखी चीर किंवा पुढं झुकलेला स्टड दिसला तर भाव पाडून मागा किंवा सोडून द्या.

गिब्सन असेल तर नटच्या (नेकच्या टोकाला तारा बसायच्या खाचांची पट्टी) मागं बघा. हेडस्टॉक मागं कललेला असल्यानं गिटार पडली की मोडते तिथंच. नोटा तपासायचा जांभळा दिवा खडेबाजारात सहज मिळतो. अंधाऱ्या खोलीत तो फिरवला की जुन्या लॅकरची चमक एक आणि मागाहून मारलेल्या रंगाची दुसरी दिसते. रंग पूर्ण नव्यानं मारलेला असेल तर किंमत निम्म्यावर येते, असा या बाजाराचा ढोबळ ठोकताळा आहे.

पिकअप मल्टिमीटरवर समजतात. व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवून जॅकवर मोजा: दिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १३ ते १४ किलोओहम दाखवतो, सेमूर डंकनचा जेबी १६ च्या आसपास. ईएमजी ८१ बॅटरीवर चालतो, तिथं या मापाला अर्थ नाही. बॅटरी फुटून आत हिरवा थर साचलाय का तेवढं बघा. अमेरिकन गिटारीत व्हॉल्यूमच्या पॉटवर (बटणाखालचा आवाज कमीजास्त करणारा भाग) १३७८४३२ असा शिक्का असला तर तो सीटीएस कंपनीचा, १९८४ च्या ३२ व्या आठवड्यातला. गिटार त्याआधीची असूच शकत नाही, किंवा मग पॉट बदललाय.

भावासाठी रिव्हर्बसारख्या साइटवर विकल्या गेलेल्या किमती बघा. मागितलेल्या किमती कुणीही काहीही लिहितो. परदेशातून मागवणार असाल तर वाहतूक आणि कस्टम धरूनच हिशेब मांडा. मूळ केस, दांडा, अ‍ॅलन की, खरेदीची पावती, जुन्या मालकाचा गिटारीसह फोटो, यातलं जे मिळेल ते मागून घ्या.

घरी आणल्यावर माझा भाचा म्हणतो, "मामा, पॉलिश मारून चकाचक करूया की!" नाही करायची. कोरडं मऊ कापड पुरे. शिसवाच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदोनदा लेमन ऑइलचा हलका हात द्या, खोबरेल नको, ते खवट होतं. हा शिसव म्हणजे खानापूर-दांडेलीच्या जंगलात वाढतो तोच. लाकडाचा सांधा सुटला असेल तर मिरजेच्या सतारमेकरांसारखा लाकूड-सरसाचा हात दुसरीकडं मिळणं कठीण, पण देतानाच सांगा की जुन्या रंगाला हात लावायचा नाही. सतार दुरुस्त झाली की तिला नवी झळाळी देणं हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर केस बंद ठेवली की आत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आठवड्याला केस उघडून तासभर वाजवा. मागच्या स्प्रिंगांवर गंज दिसला तर मशीन ऑइलचा एक थेंब कापडावर घेऊन पुसा, थेट ओतू नका. ईएमजी असेल आणि महिनाभर वाजवणार नसाल तर नऊ व्होल्टची बॅटरी काढून ठेवा.