आठवीला टेक्निकल घ्यायचं का? आधी वर्कशॉप बघून या

माझी भाची कळव्याला राहते, जूनमध्ये आठवीत जाईल, आणि गेले पंधरा दिवस त्यांच्या घरात एकच विषय चालू आहे की टेक्निकल घ्यायचं की नाही. ताईचा प्रश्न, "मार्क वाढतात का गं त्याने?" आणि भावजींचा प्रश्न, "पुढे सायन्सला अडचण नाही ना येणार?" फोनवर तेच तेच सांगून झालं, म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते म्हणजे तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरांनाही उपयोगी पडेल. मी ठाण्यात मराठी माध्यमात शिकले, आठवी ते दहावी टेक्निकल, मग डिप्लोमा इलेक्ट्रिकल, आणि आता रबाळ्याला इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला आहे.

टेक्निकल म्हणजे आमच्या वेळी तीन गोष्टी होत्या, वर्कशॉप (फिटिंग, सुतारकाम, थोडं पत्र्याचं काम), इलेक्ट्रिकल, आणि इंजिनीअरिंग ड्रॉइंग. त्याच्या बदल्यात दुसरा एखादा विषय सुटतो, तो कुठला ते शाळेत स्पष्ट विचारून घ्या. काही शाळांचं स्वतःचं वर्कशॉप नसतं, पोरं आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जवळच्या टेक्निकल सेंटरला जातात, तेव्हा जाण्यायेण्याचा वेळ पण धरा.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर असं की प्रॅक्टिकलचे आणि जर्नलचे मार्क मिळतात, पण जर्नल दर आठवड्याला लिहिलं तरच. आणि भावजींना उत्तर, काही अडत नाही, दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, डिप्लोमा, आयटीआय सगळं उघडं असतं. पण हे दोन्ही प्रश्न मला खरं सांगायचं तर दुय्यम वाटतात. पहिला प्रश्न हा की त्या शाळेचं वर्कशॉप चालू आहे का. नुसतं आहे का असं नाही, चालू आहे का!

हे ओळखायचं कसं तर अॅडमिशनच्या आधी एखाद्या साध्या दिवशी जाऊन या, प्रदर्शनाच्या दिवशी नको. बेंचवरचा वाइस (वस्तू घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा) बघा, रोज वापरात असेल तर त्याचं हँडल हात लागून लागून गुळगुळीत झालेलं असतं, खाली लोखंडाचा कीस पडलेला असतो. कानशींना (लोखंड घासायचं अवजार) मुठी आहेत का बघा, कारण मूठ नसलेल्या कानशीचं टोक तळहातात घुसतं आणि जिथे बिनमुठीच्या कानशी चालवून घेतात तिथे बाकी काळजी काय घेत असतील ते समजा. सामान देण्याघेण्याचं रजिस्टर असतं, त्यात शेवटची तारीख कधीची आहे ते विचारा. आणि वरच्या वर्गातल्या एखाद्या पोराला विचारा की या वर्षी किती जॉब झाले (जॉब म्हणजे हाताने बनवायची वस्तू, नोकरी नाही). पोरगं पटकन हाताने दाखवायला लागलं की हे असं कापलं, हे असं घासलं, तर बिनधास्त घ्या. नुसती जर्नलमधली चित्रं दाखवली तर विचार करा, कारण टेक्निकल फक्त वहीत शिकायचं असेल तर मग दुसरा विषय घेतलेला बरा.

माझा पहिला जॉब होता ६ मिलीमीटर जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटचा ५० बाय ५० चा चौकोन. ऐकायला किती सोपं ना. करवतीने कापायचा, कानशीने घासायचा आणि चारही कोपरे गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आणायचे. मला वाटलं एका पिरियडचं काम आहे, तीन आठवडे गेले. सर काही बोलायचे नाहीत, प्लेटला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचे आणि ट्यूबलाइटसमोर धरायचे, मधून उजेडाची रेघ दिसली की प्लेट परत माझ्या हातात. मी एक बाजू सरळ करायचे तोवर दुसरी बिघडायची, घासता घासता एका बाजूला ४९ झाली आणि मला रडूच आलं. मग सरांनी माझ्या उभं राहण्याकडे बघितलं. मी वाइससमोर अगदी सरळ उभी होते आणि फक्त मनगटाने कानस ढकलत होते, त्यामुळे कानस प्रत्येक वेळी झुलायची आणि कडा गोल व्हायच्या. मग त्यांनी दाखवलं, डावा पाय पुढे, अंग थोडं वाकवून, पुढे जाताना दाब, मागे येताना दाब नाही. दुसरी प्लेट दिली, ती दोन पिरियडमध्ये गुण्यात आली. व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायचं उपकरण) ०.०२ मिलीमीटरपर्यंत मोजता येतं हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण कागदाच्या जाडीएवढा फरक आपल्या हाताने काढायचा असतो तेव्हा तो आकडा कळतो. हे मला दुसऱ्या कुठल्याच विषयाने शिकवलं नाही.

ड्रॉइंगमध्ये बहुतेक पोरं प्रोजेक्शनला अडकतात, मी पण अडकलेले. वस्तू समोरून, वरून, बाजूने कशी दिसते ते काढायचं. आईच्या कपडे धुवायच्या साबणाच्या वडीतून मी आकार कापायचे, टेबलावर ठेवून एक डोळा बंद करून बघायचे आणि मग काढायचे. आठ-दहा वड्या वाया गेल्या, म्हणजे वाया नाही, तुकडे धुण्यात वापरले, पण विषय डोक्यात बसला. आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात, त्यात वरून दिसणारं चित्र खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. अमेरिकेत थर्ड अँगल चालते, त्यात उलट. शाळेत वाटायचं हे कशाला पाठ करायचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाहेरच्या देशातल्या कस्टमरचं ड्रॉइंग आलं, कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह (पद्धत कुठली ते त्यावरून कळतं) मी बघितलंच नाही, फर्स्ट अँगल समजून वाचलं आणि केबल आत यायची भोकं पॅनेलच्या उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूच्या पत्र्याला काढून घेतली. पत्रा फुकट गेला आणि डिलिव्हरी लांबली. तेव्हापासून कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की माझी नजर आधी त्या चिन्हावर जाते.

इलेक्ट्रिकलला जिन्याची वायरिंग सगळ्यांना आवडते, दोन टू-वे स्विच आणि एक दिवा, खालून लावा वरून बंद करा. पण मला आठवतं ते सरांचं एक वाक्य की स्विच कायम फेजमध्ये (करंट येते ती वायर), न्यूट्रलमध्ये (परतीची वायर) कधीच नाही. कारण न्यूट्रल तोडलं तर दिवा विझतो पण होल्डरपर्यंत फेज तशीच येत राहते. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं, बाबांनी बल्ब काढून टेस्टर लावला, स्विच बंद असताना टेस्टर पेटला. आम्ही त्या चाळीत किती वर्षं तसेच बल्ब बदलत होतो! दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावला. पोरांनो, हे वाचून घरातलं बोर्ड एकट्याने उघडायला जाऊ नका, मोठं माणूस सोबत आणि मेन स्विच बंद, त्याशिवाय हात नाही लावायचा.

मुलींसाठी वेगळं सांगते कारण आमच्या बॅचला आम्ही चौघीच होतो आणि घरी शेजारच्या काकू म्हणाल्या की पोरीला लोहारकाम कशाला. वेणी अॅप्रनच्या आत, ओढणी अजिबात नको, पायात बंद बूट, बांगड्या काढून ठेवा. ताकद कमी पडत नाही, कारण कानस ताकदीने चालतच नाही, हे वर सांगितलंच.

दहावीनंतरचं थोडक्यात. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, मी नाही गेले पण माझ्या दोन मैत्रिणी गेल्या. आयटीआयला फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, आणि आयटीआय करून पण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश असतो. वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात चांगला फिटर मिळत नाही म्हणून सुपरवायझर डोक्याला हात लावून बसलेले मी रोज बघते, म्हणून आयटीआयला कमी समजू नका. अकरावी सायन्सला बायफोकल (नेहमीच्या विषयांऐवजी घ्यायचा व्यावसायिक विषय) आहे, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स वगैरे, २०० मार्कांचं. फक्त त्यात बायोलॉजी सोडलं की मेडिकलचा सरळ रस्ता राहत नाही, हे आधी घरात बोलून घ्या.

वाशी-नेरूळ-खारघरकडे सीबीएसईवाले जास्त, त्यांना टेक्निकल असं नसतं पण स्किल सब्जेक्ट असतो, आयटी किंवा एआय. तिथे पण प्रश्न तोच, लॅबमध्ये पोरांचा हात लागतो का. अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, पोरांनी स्वतः वस्तू बनवायची लॅब) बऱ्याच शाळांत आहे, पण ३डी प्रिंटर पाहुणे आल्यावरच चालू होत असेल तर त्याचा पोरांना काय उपयोग? याउलट पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे कितीतरी शाळांत गेला, त्यात शेती, वेल्डिंग, वीज, आरोग्य सगळं हाताने करायचं आणि गावाला लागणारी कामं पोरांनीच करून द्यायची. केलेली वस्तू कोणीतरी खरंच वापरणार असेल तर पोरगं ती गुण्यात आणतंच, हे मला फार पटतं. तुमच्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये बाकांची दुरुस्ती पोरं करत असतील तर ती चांगली खूण समजा.

सामानाचं म्हणाल तर नवीन सगळं घेऊ नका. पेन्सिली चांगल्या घ्या, २एच आणि एचबी, ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर (बोर्डला लावून रेघा काढायचं पट्ट्यांचं साधन) वरच्या वर्गातल्या कोणाकडून तरी मिळतो. माझा ड्राफ्टर अजून आहे, पट्ट्या पिवळ्या पडल्यात पण स्क्रू घट्ट आहेत, शनिवारी कळव्याला जाईन तेव्हा घेऊन जातेय, आणि तिथून आम्ही तिघी शाळेचं वर्कशॉप बघायला जाणार आहोत.