कोकणच्या दमट हवेत ‘एला इन बर्लिन’ कशी ऐकावी

अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्ड यांची ‘एला इन बर्लिन’ ही तबकडी त्यातील विनोदासाठी ऐकायची असेल, तर आधी ती धुवावी लागते. या गायिकेची गंमत शब्दांपेक्षा शब्द सुटल्यानंतरच्या अर्ध्या क्षणाच्या थबकण्यात अधिक आहे, आणि चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या तबकडीच्या चरचरीत नेमका तो अर्धा क्षणच बुडून जातो.

तबकडीवर पांढरट बुरशीचे ठिपके दिसत असतील, तर नाकाला रुमाल बांधून ते पडवीत, मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने गोल फिरवत झाडावेत. आडवा ब्रश कधीही मारू नये. नंतर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेऊन, त्यात भांडी घासण्याच्या द्रवाचा एकच थेंब टाकून, मऊ सुती कापडाने पुसावे आणि पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने साबण काढावा. विहिरीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते वाळल्यावर खाचांत क्षार मागे राहतात. मधले कागदी लेबल कोरडे ठेवावे. स्पिरिट वापरण्याचा मोह अनेकांना होतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांवर तर ते मुळीच लावू नये, कारण त्यात लाखच विरघळते. धुतलेली तबकडी सावलीत, उभी वाळवावी. मी एकदा घाईने एक तबकडी अंगणात उन्हात ठेवली आणि तासाभरात तिची कड भाजलेल्या पापडासारखी वर आली. सुई तिच्यावर होडीसारखी हेलकावत असे. आतले कागदी पाकीट बुरशीचे माहेरघर असते, म्हणून ते टाकून नवे घ्यावे.

तबकडी ३३⅓ फेऱ्यांवर लावून, पहिल्या वेळी तरी, दुसऱ्या बाजूवरील शेवटच्या दोन गाण्यांपासून आरंभ करावा. ही मैफल १३ फेब्रुवारी १९६० रोजी बर्लिनच्या डॉइचलांडहाले या सभागृहात झाली; साथीला पॉल स्मिथ यांचा पियानो, जिम हॉल यांची गिटार, विल्फ्रेड मिडलब्रुक्स यांचा बास आणि गस जॉन्सन यांचे ड्रम होते. ‘मॅक द नाइफ’ हे गाणे मुळात १९२८ साली बर्लिनमध्येच रंगभूमीवर आलेल्या नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार वाइल यांच्या नाटकातले; पु. ल. देशपांडे यांनी त्याच नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले, त्यामुळे या मॅकशी आपली ओळख जुनी आहे. एलाबाई पहिली कडवी व्यवस्थित म्हणतात आणि पुढे शब्द विसरतात. तेथे कान टवकारावेत. ताल एका मात्रेनेही ढळत नाही, आणि पुढचे कडवे कोणते हा प्रश्नच त्या चालीत बसवून गातात. हे गाणे आधी गाजवणाऱ्यांची नावे घेतात, आपण त्याची कशी वाट लावली हेही सुरात सांगतात आणि मग जॅझ गायक लुई आर्मस्ट्राँग यांचा घोगरा आवाज काढतात. दशावतारात लिखित संहिता नसताना नट पेटीच्या सुरावर संवाद रचत जातो, तसेच हे आहे, आणि दशावतार पाहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. याच गाण्यासाठी आणि या संग्रहासाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

त्यानंतरचे ‘हाउ हाय द मून’ सुमारे सात मिनिटांचे आहे. यात अर्थहीन अक्षरांची आलापी, म्हणजे स्कॅट, इतक्या वेगाने जाते की मध्येच डोकावणाऱ्या दुसऱ्या गाण्यांच्या ओळी प्रथम निसटतात; त्यामुळे हे गाणे लागोपाठ दोनदा ऐकावे आणि दुसऱ्या वेळी आवाज थोडा वाढवावा. शेवटी शेवटी डोळ्यांत धूर जाण्याविषयीच्या एका प्रसिद्ध गाण्याची ओळ येते, फक्त धुराच्या जागी घाम असतो. बदल इवलासाच आहे आणि तो एखाद्या खरखरीखाली सहज झाकला जातो. मे महिन्यात रत्नागिरीत बसून ऐकणाऱ्याला तो निसटू देणे परवडणारे नाही.

सुई उचलल्यावर तबकडी रात्रभर यंत्रावर राहू देऊ नये. ती पाकिटात घालून, भिंतीला न टेकणाऱ्या फळीवर, उभीच ठेवावी.