नदीकाठची कार्यशाळा फसते कुठे? या चुका टाळा

पट्टीचा रंग हिरवा आला आणि एका बाईंनी आनंदानं जाहीर केलं, "सात! म्हणजे पाणी चांगलं आहे." आम्ही उभे होतो तिथं ओढ्याचं पाणी काळं होतं आणि निम्म्या शिक्षकांनी नाकाला रुमाल लावला होता. चूक बाईंची नव्हती. सामू, म्हणजे पीएच (पाणी आम्ल की अल्क) मोजायच्या पट्ट्या मीच वाटल्या होत्या, आणि त्यातून काय कळतं, काय कळत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं.

घरगुती सांडपाण्याचा सामू बहुतेक वेळा सातच्या आसपासच असतो. म्हणून पट्टी गटारालाही पास करते. कारखान्याचं आम्लयुक्त पाणी सोडलं असेल तर ती ओरडेल, नाहीतर गप्प. टीडीएस मीटरचंही तेच. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. खडकातून झिरपलेल्या स्वच्छ विहिरीचा आकडा मोठा येतो आणि मैला मिसळलेल्या पावसाळी ओढ्याचा लहान, मग मुलं ओढ्याला विजयी घोषित करतात. नदीकाठच्या कार्यक्रमांत मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच: साधन स्वस्त आहे, आकडा पटकन दिसतो, म्हणून तेच मोजायचं.

मोजायचंच असेल तर विरघळलेला ऑक्सिजन मोजा. थेंब टाकून रंग पाहायचे साधे संच मिळतात. २५ अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडे किमान ५ चा निकष आहे. हा आकडा मुलांना समजतो, कारण माशाला श्वास घ्यायला किती उरलं हे तो सांगतो. मात्र इथंही एक खोड आहे. शेवाळानं हिरव्यागार झालेल्या तळ्यात दुपारी दोनला मोजाल तर ऑक्सिजन भरपूर दिसेल, कारण शेवाळ उन्हात तो तयार करत असतं. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं. पहाटे मोजा, मग मासे का मरतात ते कळेल. बाटली पाण्याखाली बुडवून भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि रसायन तिथंच काठावर टाकायचं. "शाळेत नेऊन बघू" म्हटलं की आकडा बिघडला.

बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्या मोजमापाच्या वाटेला एका दिवसाच्या कार्यक्रमात जाऊच नका. नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो, तेव्हा उत्तर येतं. मैल्याचा संसर्ग दाखवणारी एच-टू-एस बाटली स्वस्त आणि सोपी आहे, पाणी काळं झालं की संसर्ग. पण तीही २४ ते ४८ तास मागते, आणि शहरातली नदी तीत काळीच येणार. त्यात शिकण्यासारखं काय? तीन बाटल्या भरा: एक नदीची, एक गावातल्या विहिरीची, एक शाळेच्या नळाची. आणि दोन दिवसांनी वर्गात एकत्र पाहा. नदी काळी झाल्याचं कुणाला नवल वाटत नाही. विहीर काळी झाली की वर्ग शांत होतो.

वेळ कार्यक्रमाची की पाण्याची?

२ फेब्रुवारी पाणथळ दिन, २२ मार्च जलदिन, ५ जून पर्यावरण दिन. बॅनर याच तारखांना छापले जातात. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळी राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला ती तारीख म्हणून २ फेब्रुवारी. स्थलांतरित पक्ष्यांसाठी ती उत्तम, पण माध्यमिक शिक्षकांसाठी कठीण, कारण दहावीच्या तोंडी-प्रात्यक्षिकांची गडबड तेव्हाच. २२ मार्चला परीक्षा, शिवाय नदीतली वाळूची बेटं आणि गोट्यांचे पट्टे तेव्हा रिकामे नसतात. टिटवी आणि नदी सुरय तिथंच उघड्यावर अंडी घालतात. गोट्यांच्या रंगाची ती अंडी दोनशे जणांच्या स्वच्छता मोहिमेत कुणाला दिसणार? ५ जूनला रोपं लावतात, तेव्हा मृगसुद्धा लागलेला नसतो. खड्ड्यातली माती कोरडी आणि पुढचे दहा दिवस पाणी घालायला कुणी नाही.

शिक्षकांसाठी मला सोयीचा वाटतो तो दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ. ओढे वाहत असतात, पाणी निवळलेलं असतं, पक्षी यायला लागलेले असतात आणि मुख्याध्यापक सोडायला तयार असतात. पक्षी पाहायचे तर सात वाजता काठावर. एकदा आम्ही प्रमुख पाहुण्यांसाठी साडेदहापर्यंत थांबलो. दीपप्रज्वलन नदीच्या वाऱ्यात तीनदा विझलं, स्वागतगीत झालं, ध्वनिक्षेपक सुरू झाला आणि समोरचे शंभरेक वारकरी पक्षी उठून पलीकडच्या काठाला गेले. पाहुण्यांनी मग पक्षिजीवनावर वीस मिनिटं भाषण केलं.

खाडीकाठी तर भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिल्याशिवाय निमंत्रणपत्रिका छापूच नये. ठाणे खाडीत रोहित पक्षी ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलात चरतात. भरतीला तो चिखल बुडतो आणि पक्षी विश्रांतीला नवी मुंबईतल्या आतल्या पाणथळींकडे सरकतात. भरतीच्या वेळी मुलांना चुकीच्या काठावर उभं केलंत तर नुसतं पाणी दिसेल. पण दोन्ही वेळा दाखवल्यात तर, खाडी राखली तरी ती आतली तळी बुजवून का चालत नाहीत, हे सांगायला भाषण लागणार नाही.

"तळं खोल करा, काठ बांधा"

ही चूक सदिच्छेनं होते म्हणून जास्त महाग पडते. गावकरी, शिक्षक, नगरसेवक सगळ्यांच्या डोक्यात चांगल्या तळ्याचं एकच चित्र असतं: खोल, निळं, कडेनं दगडी पिचिंग आणि त्यावर चालायचा ट्रॅक. मग श्रमदानात पहिल्यांदा काय निघतं? लव्हाळा आणि पाणकणीस. "घाण" म्हणून.

नांदूर मधमेश्वरचं उदाहरण इथं मी नेहमी देतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. सिंचनाच्या हिशेबात हा तोटा. पण याच गाळामुळे तिथं पक्षी जमले आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. त्यानंतर लोणार आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी. तिन्ही एकमेकांपासून किती वेगळी: एक माणसानं बांधलेल्या बंधाऱ्याचं, एक बेसॉल्टमधल्या विवरातलं खारं-अल्कधर्मी सरोवर, एक खारफुटीची खाडी. "पाणथळ म्हणजे काय" हा तास घेताना व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी ही तीन नावं लिहा आणि त्यांच्यात सारखं काय ते मुलांना शोधू द्या.

शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्याचे पाय पाण्यात किती बुडतात ते दुर्बिणीतून पाहायला सांगा. दोन मीटर खोल केलेल्या तळ्यात तो उभा कुठं राहणार? चमचा पक्षी चोच बाजूबाजूला फिरवत उथळ पाणी ढवळतो, त्याचंही तेच. पाणकणसाच्या गर्दीत जांभळी पाणकोंबडी घर करते. उतरता, चिखलाळ, गवताळ काठ गेला की तळं उरतं आणि पाणथळ संपते. चिखलात झाडं लावण्याचा उत्साहही आवरा. ज्या जागी झाड नाही ती जागा रिकामी, हा आपला फार जुना गैरसमज आहे. नदीच्या वरच्या काठाला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज ठीक, पण पाणी दरवर्षी जिथं पसरतं तो पट्टा पाण्यालाच सोडा.

शिक्षकांना सांगताना कायद्याचा गोंधळही टाळा. रामसर कराराच्या व्याख्येत भातखाचरं, मिठागरं, नद्या, धरणांची जलाशयं सगळी बसतात. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांत मात्र नदीचं मुख्य पात्र, भातशेती आणि पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत. "गावतळं पाणथळ आहे, म्हणजे त्याला संरक्षण आहे" असं मुलांनी घरी जाऊन सांगितलं आणि ते खोटं ठरलं, तर पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही.

नदीचं मूळ

ऋषीचं कूळ न शोधलेलंच बरं, पण पाणलोट शिकवायचा तर नदीचं मूळ शोधावंच लागतं. बहुतेक कार्यशाळा नदीच्या अशा घाटावर होतात जिथं गाड्या लावायला जागा असते. तिथून पाणलोट दिसतच नाही. मोठी नदी निवडू नका. पुण्यातल्या शिक्षकांना मी मुठेऐवजी रामनदी सुचवतो. खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग भूगाव, बावधन, पाषाणचा तलाव, सोमेश्वरवाडी, बाणेर आणि मुळेला भेट. एका दिवसात डोंगर ते संगम पाहून होतो. वर स्वच्छ ओहोळ, खाली नाला. मध्ये नेमकं कुठं बिघडलं ते मुलं स्वतः बोट ठेवून दाखवतात. नकाशा पुढं ताणा: मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनीतून पंढरपूरला जाते आणि तिथं आपण तिलाच चंद्रभागा म्हणतो. बाणेरच्या एका सातवीतल्या मुलानं विचारलं, "म्हणजे आजी वारीला जाऊन आमचंच पाणी तीर्थ म्हणून आणते?" मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार?

श्रमदान: फावड्याआधी पातळी

समतल चर, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला डोंगरउतारावर एकाच पातळीत मारलेले चर, खणायचा कार्यक्रम दिसायला झकास. पण पातळी न काढता नजरेनं चर मारले तर पाणी सगळ्यात खालच्या टोकाला धावतं, तिथं फुटतं आणि नवी घळ पडते. न खणते तर बरं झालं असतं. पातळी काढायला यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर बांधून 'ए' आकाराची चौकट, मध्ये आडवी काठी, शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. चौकट दोन खुंट्यांवर ठेवून दोरी आडव्या काठीला शिवते तिथं खूण करा. मग पायांची अदलाबदल करून दुसरी. दोन खुणांच्या बरोबर मध्ये समपातळी. ही अदलाबदल लोक हमखास विसरतात. चराची माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. आणि सुरुवात माथ्यावरून, पायथ्याकडं येत. थेट नाल्यात बंधारा घातला तर फोटो चांगला येतो, दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो.

दुसरी अर्धी गोष्ट तर कार्यशाळेत निघतच नाही: अडवलेलं पाणी उपसणार कोण? हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात, चर दाखवतात. पण तिथली ग्रामसभा दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पाण्याचा ताळेबंद करते आणि शेतीसाठी बोअर मारायला तिथं मनाई आहे, हे सांगताना वक्त्यांचा आवाज एकदम खाली येतो. समोर बोअरवालेच बसलेले असतात ना.

ऐनवेळी अडलं तर

ओढा कोरडा निघाला? रद्द करू नका. वाळूत हातभर खड्डा करा, झिऱ्यात पाणी येतं का पाहा. झुडपांत अडकलेल्या काटक्या-प्लास्टिकवरून पुराची उंची मोजा.

धरणाखालच्या नदीवर पावसाळ्यात जाणार असाल तर आदल्या रात्री आणि सकाळी विसर्गाची घोषणा तपासा. नसेल पाऊस शहरात, वर असतो. "१० हजार क्युसेक" ऐकून कुणाला काही होत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे १० हजार क्युसेक हे दर सेकंदाला १० हजार लिटरचे २८ टँकर. पुण्यात मुठेवरचा बुटका भिडे पूल पाण्याखाली का जातो हे मग समजवावं लागत नाही. पुण्यात हा विषय निघाला की १२ जुलै १९६१ चा पानशेत धरणफुटीचा पूर आठवणारं एखादं माणूस अजून भेटतं. त्याला खुर्ची द्या आणि बाकीचं नियोजन पुढं ढकला.

जखम असलेल्या पायानं कुणालाही पाण्यात किंवा चिखलात उतरवू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. डोह कुठं आहे हे गावातल्या पोहणाऱ्याला आधी विचारा, आणि तो दिवसभर सोबत राहील असं बघा.

जलपर्णी काढलीत तर ती काठावर ढीग करून सोडू नका. तिथंच कुजते आणि पहिल्या पावसात सगळं खत परत पाण्यात. कचऱ्याचंही तसंच. घंटागाडी नक्की ठरल्याशिवाय एकही पोतं भरायचं नाही. आमच्या एका मोहिमेची साठ पोती काठावर वाट पाहत राहिली, गाडी "उद्या" येणार होती. त्या रात्री वळीव झाला. सकाळी गेलो तेव्हा पोती नव्हती, तोंडं बांधायला आणलेली सुतळी तेवढी करंजाला अडकली होती.