पियानोचा आवाज: हेडफोन वेगळा, स्पीकर वेगळा

नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नाच्या कार्यक्रमांत डिजिटल पियानो वाजवतो. ढोलकी सुरू झाली की मला माझंच ऐकू येत नाही, म्हणून हेडफोनसाठी व्हॉल्यूम वाढवायचो. लगेच साउंडवाले दादा हातवारे करायचे, कारण बऱ्याच पियानोंत हेडफोन, लाइन आउट (साउंड सिस्टिमकडे आवाज पाठवणारं सॉकेट) आणि आतले स्पीकर एकाच नॉबवर चालतात. माझाही तसलाच.

उपाय म्हणून चार चॅनलचा छोटा मिक्सर घेतला. पियानोचे लाइन आउट त्यात, मिक्सरचं मेन आउट साउंडवाल्यांकडे, आणि हेडफोन मिक्सरलाच. पियानोचा नॉब पाऊणवर ठेवून वर चिकटपट्टी मारली आहे. पाहुण्यांची पोरं फिरवून जातात हो! साउंडचेक झाला की मेनला हात लावायचा नाही. छोट्या मिक्सरमध्ये हेडफोनला सहसा मेनचाच आवाज मिळतो, त्यामुळे मेन कमी केलं तर कानातलाही पडतो. मला हवा तेवढा आवाज मिक्सरच्या ‘फोन्स’ म्हणजे हेडफोनच्या नॉबवर.

राहिले आतले स्पीकर. लाइन आउट लावूनही ते बंद होत नव्हते, माइकमध्ये शिरायचे. काही मॉडेलांत मेन्यूतून बंद होतात. माझ्यात ती सोय नाही, म्हणून पियानोच्या हेडफोन सॉकेटमध्ये नुसता कन्व्हर्टर (हेडफोनची छोटी पिन मोठ्या सॉकेटला जोडणारा) खोचतो. पिन आत गेली की स्पीकर गप्प.

साउंडवाल्यांनी एकच चॅनल दिला तर पियानोच्या फक्त एल/मोनो (डावं, एकट्यानेच पूर्ण आवाज देणारं) सॉकेटला वायर लावतो. जनरेटरवर गुणगुण आली तर डीआय बॉक्सचं (वाद्य आणि साउंड सिस्टिमच्या मध्ये लावायची डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण, दाबून बघा. हेडफोन मात्र बंद कपाचेच (बाहेरचा आवाज अडवणारे) घ्या, कमी आवाजात भागतं.