दारू पिऊन गाडी चालवल्याची पहिली केस : कोर्टात उभं राहण्याआधी

लातूरच्या कोर्टात मी एका वकिलांकडे कारकून आहे. लग्नसराईत सोमवारी सकाळी आवारातल्या लिंबाखाली एक-दोघं तरी उभे असतात. तोंड सुकलेलं, सोबत बायको नाहीतर थोरला भाऊ. पहिला प्रश्न ठरलेला : "मामा, दंड भरला की मिटतंय ना?"

हेल्मेटचं चलान जागेवर भरता येतं, तसं हे मिटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे हे. यात तडजोड शुल्क नाही, मॅजिस्ट्रेटसमोर जावंच लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली की गुन्हा झाला. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. म्हणून आज "हो साहेब, घेतली होती" म्हणून बाहेर पडताना आपल्या नावावर शिक्षा लागते, हे आधी समजून घ्या. पुढच्या वेळी तीच मोजली जाते.

सगळ्यात आधी चिठ्ठी सांभाळा. मशीनमध्ये फुंकल्यावर जो कागद निघतो तो. औशाकडच्या एका टेम्पोवाल्यानं ती काचेजवळ ठेवली होती, मे महिन्यात. तारखेला आला तेव्हा माझ्या हातात नुसता पिवळट कागद दिला, त्यावर एक अक्षर नाही. त्या कागदावरची अक्षरं उन्हानं उडतात. पोलिसांकडची प्रत शाबूत होती, आमच्याकडे ताडून बघायला काही नव्हतं. तेव्हा त्याच दिवशी फोटो काढा, दोन झेरॉक्स मारा. मग शांतपणे वाचा : नाव तुमचंच आहे का, गाडीचा नंबर बरोबर आहे का, वेळ काय पडली आहे, आकडा किती आहे. आकडा ३३ असणं आणि १४० असणं यात फार फरक आहे, वकिलाला तो पहिल्याच वाक्यात सांगा.

अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. किती वाजता धरलं, किती वाजता दवाखान्यात नेलं, हे घरच्यांनी वहीत लिहून ठेवावं. रक्त घेतलं असेल तर अहवाल प्रयोगशाळेतून येतो, त्याला वेळ लागतो. आणि "मी फुंकत नाही" म्हणून अडून बसण्यात शहाणपणा नाही. विनाकारण नकार दिला तर तो तुमच्याच विरोधात धरता येतो.

लायसन्स जप्त झालं की त्याची पोच मिळते. ती दाखवून गाडी चालवता येते असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. लायसन्स हातात परत येईपर्यंत स्टेअरिंगला हात लावू नका.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून एकटे उभे राहू नका, हे मी कळकळीनं सांगतो. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि बाईला उत्पन्नाची अटच नाही. आधार आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तारखेच्या आठ दिवस आधी जा, पेशीच्या सकाळी नको.

पेशीला साडेदहाला हजर राहा. पुकारा कधी अकराला होतो, कधी चारला. चहाला गेलात आणि नाव निघून गेलं तर वॉरंट निघू शकतं. भीतीनं हात कापतात म्हणून सकाळी थोडी घेऊन येणारेही मी पाहिलेत. जीव तुटतो बघून. असं होत असेल तर घरच्यांना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा.

साहेब आरोप वाचून विचारतात, गुन्हा कबूल आहे का? इथं घाई नको. कागदांत खोट दिसत असेल तर "कबूल नाही" म्हणा आणि वकिलामार्फत नकला मागा. कागद चोख असतील आणि तुम्ही खरंच प्यायला होतात, तर खोटं बोलू नका. माझं मत असं की मग सरळ कबूल करावं. पहिलीच वेळ आहे, कुणाला धक्का लागला नाही, घर याच गाडीवर चालतं, एवढं वकिलानं मांडावं. शिक्षा किती ते साहेबांच्या हातात आहे, अमुकच होईल असं छातीठोक सांगणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका.

दंड भरल्यावर पावती आणि आदेशाची नक्कल घ्या. आरटीओची नोटीस वेगळी येते, लायसन्स निलंबनाची. तिथंही तुमचं म्हणणं ऐकतात, तेव्हा ती तारीख चुकवू नका. निलंबन साधारण तीन महिन्यांचं धरून चला आणि तेवढ्या दिवसांची सोय आधीच लावा. त्या टेम्पोवाल्यानं चुलतभावाला गावाकडून बोलावलं होतं. तीन महिने भाऊ चालवायचा आणि हा स्वतःच्याच गाडीत शेजारी बसून पोती उतरवायचा. एकही फेरी बुडाली नाही.