एअर शोला निघताना: आधी कान, मग कॅमेरा

पिशवीत पहिल्यांदा इअरप्लग टाका, बाकी सगळं नंतर. लढाऊ विमान आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागच्या टोकाला जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) पेटवून उठलं की आवाज कानापुरता राहत नाही, फासळ्यांत घुमतो. तेव्हा प्लग शोधायला पिशवी उपसण्यात अर्थ नसतो. फोमचे प्लग चालतात, पण ते घालायचीही रीत आहे. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं दाबून धरायचा. कानाच्या तोंडाशी नुसता टेकवलेला प्लग म्हणजे दागिना. लहान मुलांना पूर्ण कान झाकणारे मफ घ्या आणि आदल्या दिवशी ते घालून त्यांना घरभर हिंडू द्या. आमच्याकडे हे राहून गेलं होतं, तर पहिलं विमान यायच्या आतच मफ गवतात आणि पोरगं भोकाड पसरून. तान्ह्या बाळाला नेऊच नये, असं माझं मत.

जायच्या आधी नियम वाचून ठेवा. ड्रोनला मनाई असतेच, मोठ्या पिशव्या आणि छत्र्यांवरही कधीकधी बंदी असते. तशीही छत्री नकोच, मागचा माणूस शिव्या घालतो. टोपी, गॉगल, पाणी, बसायला चटई हे वेगळं सांगायला नको.

जागा निवडताना सूर्य पाठीशी येईल असं बघा. समोर आला तर दिवसभर काळ्या सावल्याच दिसतील. कसरती बहुतेक प्रेक्षकांच्या रांगेचा मध्य धरून आखलेल्या असतात. समोरासमोर येणारी दोन विमानं एकमेकांना ओलांडतात तीही तिथेच, म्हणून मध्य हवा असेल तर पहाटे उठायची तयारी ठेवा.

आता खरी मेख. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला तीन सेकंद लागतात, आणि ताशी ९०० किलोमीटरनं जाणारं विमान तेवढ्यात साडेसातशे मीटर पुढे निघून गेलेलं असतं. आवाज येतो तिकडे बघणाऱ्याला रिकामं आभाळ दिसतं. नजर आवाजाच्या पुढे ठेवायची सवय लावा. आणखी एक: निवेदक सगळ्यांना एका बाजूला बघायला लावतो, तेव्हा एकदा दुसरीकडेही बघा. काही पथकं नेमक्या त्याच वेळी एक विमान भलतीकडून, अगदी खालून आणतात.

कॅमेरा असेल तर कार्ड रिकामं, बॅटरी भरलेली आणि लेन्स निदान ३०० मिलिमीटरची. जेटसाठी शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. पंख्याच्या विमानाला मात्र १/२५० च्या आसपास उतरा, नाहीतर पंखा गोठतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं दिसतं. हवा दमट असेल तर कुरकुरू नका. कचकन वळताना पंखांवरचा दाब उतरतो, हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि विमान क्षणभर पांढऱ्या ढगात गुंडाळलं जातं. कोरड्या हवेत हे सहसा दिसत नाही. फोननं काढायचं असेल तर एक-दोन व्हिडिओ काढून तो खिशात घाला, पडद्यावर नुसता ठिपका येतो.

ढग खाली असतील तर उंच गिरक्या गळतात. पथकांकडे अशा दिवसासाठी सपाट, जमिनीलगतचा वेगळा कार्यक्रम तयार असतो. तोही बघण्यासारखा असतो, लगेच घरी निघू नका. वेळापत्रक पुढेमागे होतं, म्हणून स्वच्छतागृहाची फेरी संथ विमानांच्या वेळी उरका.

चुकामूक झाली तर भेटायची खूण सकाळीच ठरवा, गर्दीत फोन लागेलच असं नाही. गाडी लावलेल्या जागेचा फोटोही काढून ठेवा.

शेवटचं विमान उतरलं की लगेच उठू नका. धावपट्टीवरून परतताना वैमानिक कधीकधी कॅनपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उघडून हात हलवतात. तुम्हीही हलवा, पण प्लग कानातच असू द्या. इंजिन अजून चालू असतं.